गोळा करायचं की फोडायचं?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात माझी धाकटी बहीण अंबडहून तणतणत आली. तिची लेक जालन्याला कॉलेजात आहे. ती मैत्रिणींबरोबर पूल खेळायला जाते, असं कुणीतरी हिच्या कानावर घातलं होतं. आता पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिंदी सिनेमातला खलनायक, हातात काठी, डोक्यावर लोंबता दिवा आणि सिगारेटचा धूर! पोरीचं नाव खराब होईल, तिला परत घरी आणते, असं बाईसाहेब ठरवूनच आल्या होत्या. मी आधी चहा टाकला आणि मग तिला विल्सन जोन्स यांची गोष्ट सांगितली.

नाव इंग्रजी असलं तरी माणूस आपल्या पुण्याचा बरं का! २ मे १९२२ रोजी एका अँग्लो-इंडियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा बिलियर्ड्सचं टेबल असायचं ते छावणीत, नाहीतर साहेबांच्या जिमखान्यात. (आपल्या जालन्यालाही एके काळी इंग्रजांची छावणी होतीच की.) स्नूकर हा खेळ तर जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांनी १८७५ मध्ये पावसाळ्यात वेळ जाईना म्हणून जन्माला घातला, असं सांगतात. बऱ्याच क्लबांमध्ये आपल्या माणसाला जागा असे ती गुण मोजणाऱ्या मार्करची.

पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स ही एकाच घरातली भावंडं, पण स्वभाव वेगळे. आपण कॅरम खेळलोय, म्हणून कॅरमवरूनच सांगते. मधोमध रचलेल्या सोंगट्या स्ट्रायकरने फोडल्या तरी दोन-चार सोंगट्या एकमेकींना चिकटून राहतातच ना? पूलमध्येही तसंच होतं. पंधरा चेंडू त्रिकोणात रचतात, पहिल्या फटक्यात ते विखुरतात, पण कुठेतरी एक घोळका उरतोच. कच्चा खेळाडू समोरचे सोपे चेंडू आधी पटापट घेतो आणि घोळका शेवटावर ढकलतो. मग शेवटी त्याच्याजवळ घोळकाच उरतो, आणि तो फोडायला हाताशी एक सोपा चेंडू नाही! जाणता खेळाडू तो लवकर फोडतो. एक सोपा चेंडू पॉकेटात घालता घालता आपला पांढरा चेंडू हळूच घोळक्यावर नेऊन आदळतो. आणि त्याआधी एक मोकळा चेंडू राखून ठेवतो. घोळका मनासारखा नाही फुटला तर पुढचा फटका मारायला काहीतरी हवं ना! पाहुणे येणार म्हटल्यावर आपण नाही का दोन वाट्या कणीक जास्तीची मळून ठेवत, तसंच.

स्नूकरमध्ये हे आणखी अवघड. तिथे बारा फुटी टेबलावर एकट्या लाल चेंडूंचाच पंधराचा गठ्ठा. एक लाल घ्यायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लाल गेला तर एक गुण, काळा गेला तर सात. गठ्ठा फोडल्याशिवाय मोठी धावसंख्या उभी राहत नाही.

बिलियर्ड्सचं मात्र नेमकं उलटं! टेबलावर चेंडू तीनच. आपला चेंडू एका फटक्यात उरलेल्या दोघांनाही लागला की दोन गुण. म्हणून इथे कसब आहे ते चेंडू पांगू न देण्याचं. इतकं हलक्या हाताने मारायचं की तिघंही जवळपासच राहतील आणि पुन्हा तोच फटका मिळेल, पुन्हा, पुन्हा. जोन्स खरे या खेळाचे. पण गंमत बघा, गोळा करणाऱ्या या माणसाने फोडण्याच्या खेळातही, म्हणजे स्नूकरमध्येही, पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बिलियर्ड्सचं तर १९५० ते १९६६ या काळात बारा वेळा!

जगाच्या स्पर्धेत मात्र वाट पाहावी लागली. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे बॉब मार्शल जिंकले, १९५२ मध्ये आपल्याच कलकत्त्यात इंग्लंडचे लेस्ली ड्रिफील्ड, १९५४ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियाचे टॉम क्लिअरी. या खेळात हरणं फार जीवघेणं असतं हो. समोरचा खेळत असतो तोवर तुम्ही खुर्चीत बसून नुसतं बघायचं. त्याचा फटका चुकेपर्यंत तुम्हाला हातसुद्धा हलवता येत नाही. खेळ हातात नसताना डोकं ताळ्यावर ठेवायचं, हा सगळ्यात कठीण भाग. माझं तर दूध उतू जाईतो शांत राहणं होत नाही!

१९५८ मध्ये स्पर्धा पुन्हा कलकत्त्याला झाली. आणि छत्तीस वर्षांचे जोन्स जगज्जेते झाले. त्याआधी कुठल्याच खेळात एकट्याच्या बळावर भारताचा कुणी जगज्जेता झाला नव्हता. खाशाबा जाधवांचं १९५२ मधलं ऑलिंपिक पदक आपल्या लेकरांना निदान पुस्तकातून तरी माहीत असतं. जोन्स यांचं नाव किती जणींनी ऐकलंय? मीही फार उशिरा ऐकलं, खोटं कशाला बोलू. सहा वर्षांनी, १९६४ मध्ये, न्यूझीलंडच्या पुकेकोहे गावी त्यांनी पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं. १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली.

खेळणं थांबल्यावर त्यांनी शिकवायला घेतलं. ओम अगरवाल, अशोक शांडिल्य असे खेळाडू त्यांच्या हाताखाली घडले. त्यातले ओम अगरवाल १९८४ मध्ये स्नूकरचे हौशी जगज्जेते झाले. १९९६ मध्ये जोन्स यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ते गेले.

बहीण सगळं ऐकून म्हणाली की तो बाप्या माणूस होता, आमची पोर आहे. तेही खरंच. मग तिला सांगितलं की आपल्याच देशातल्या चित्रा मगिमैराज यांनी बायकांच्या बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलंय. ती गप्प झाली, पटलं असं मात्र म्हणाली नाही. जागा कशी आहे, उजेड आहे का, आणखी मुली येतात का, हे स्वतः जाऊन बघते म्हणाली. मला ते योग्यच वाटलं.

परवा दोघी मायलेकी माझ्याकडे आल्या होत्या. भाचीने माळ्यावरचा कॅरम काढला, बोरिक पावडर टाकली. कोपऱ्यात तीन सोंगट्या चिकटून बसल्या होत्या. बहीण सवयीने समोरची सोपी सोंगटी घ्यायला निघाली, आणि स्ट्रायकर हातात धरून थांबली.