पाण्याचा हिशेब मांडणारा इंजिनिअर

नायगाव म्हटलं की आपल्याला भाईंदरची खाडी ओलांडल्यावर लागणारं स्टेशन आठवतं. पण मित्रांनो, हा लेख दुसऱ्या नायगावबद्दल आहे. ते पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यात. तिथे ना खाडी, ना लोकल आणि पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, तोही आला तर! आपल्या वसईत याच्या कितीतरी पट पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो. त्या कोरड्या नायगावात एका इंजिनिअरने पाणी कसं वाटायचं हे करून दाखवलं. त्याचं नाव विलासराव साळुंखे.

विलासराव पुण्याचे उद्योजक. त्यांच्या अ‍ॅक्युरेट इंजिनिअरिंग या कंपनीत गेज आणि मोजमापाची उपकरणं बनत. आपण मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला गो आणि नो-गो गेज हातात धरतो, तशीच. म्हणजे मायक्रॉनमध्ये विचार करणारा हा माणूस. धंदा व्यवस्थित चाललेला, घर पुण्यात. शेतीशी वाकडं घेण्याचं काहीच कारण नव्हतं.

पण १९७२ चा दुष्काळ आला. महाराष्ट्राने तेवढा मोठा दुष्काळ क्वचितच पाहिला असेल. पुरंदरच्या बाजूला रोजगाराच्या कामावर शेकडो माणसं उन्हात खडी फोडत बसलेली विलासरावांनी पाहिली. ही सगळी शेतकरी मंडळी होती. त्यांना मजुरी मिळत होती, पण फोडलेल्या खडीतून पुढच्या वर्षी पाणी येणार नव्हतं. हेच हात आणि हाच पैसा पाणी अडवायला लावला तर? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला आणि शेवटपर्यंत निघाला नाही.

त्यांनी ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. १९७४ च्या सुमारास नायगावच्या देवस्थानाची ४० एकर माळरान जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताईंसह तिथे काम सुरू केलं. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाच्या खाली विहीर खोदली आणि विहिरीचं पाणी पंपाने वर चढवलं. यात रॉकेट सायन्स काहीच नाही. फर्स्ट इयरचा मुलगाही आकृती काढेल! पण ज्या माळावर कुसळं उगवत होती तिथे पीक उभं राहिलं आणि आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बघायला येऊ लागले.

खरी गंमत इथून पुढे आहे. शेतकऱ्यांनी आमच्याकडेही हे करा म्हटल्यावर दोन प्रश्न उभे राहिले. पैसा कुठून आणायचा? आणि पाणी कोणाला किती द्यायचं?

आधी पैशाचं बघू. उपसा सिंचन योजना म्हणजे विहीर, पंप, पाइपलाइन, वीज. एकट्या छोट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही. बँक जमीन तारण मागते, मग भूमिहीनाने काय ठेवायचं? विलासरावांनी खर्चाचे तीन भाग केले. ५० टक्के सरकारी अनुदान, ३० टक्के प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज आणि २० टक्के शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून. म्हणजे लाख रुपयांच्या योजनेत वीस हजार गावाने आधी काढायचे आणि तीस हजार नंतर फेडायचे. सगळंच फुकट दिलं असतं तर पंप बिघडल्यावर सरकारची वाट बघत बसले असते. सगळंच कर्ज असतं तर गरीब माणूस दारातच थांबला असता. शिवाय अनुदान एकदा खर्च झालं की संपतं. फेडलेलं कर्ज मात्र दुसऱ्या गावाच्या कामी येऊ शकतं. आपल्या सिलॅबसमध्ये इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स आहे, पण इतकं सोपं उदाहरण मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

आता पाण्याचं. यालाच पुढे पाणी पंचायत म्हणू लागले. नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. चार माणसांच्या घराला दोन एकराचं पाणी. पाच माणसांच्या घराकडे वीस एकर असले तरी पाणी अडीच एकरापुरतंच. ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकायचा नाही. आणि उसाला तर सरळ नो-गो! कारण एकाच्या उसात दहा जणांची ज्वारी बुडते. वाटपासाठी पाटकरी नेमायचा आणि कारभार लोकांनीच बघायचा.

ज्या राज्यात ऊस म्हणजे सत्ता, तिथे हा नियम मांडायला धाडस लागतं. अनेकांना तो पटला नाही. सगळ्या योजना कायम चालल्या असंही नाही. वीजबिल थकलं, पंप बिघडले, आपसात बिनसलं की योजना बंद पडते, आणि काही ठिकाणी तसं झालंही. मशीन बसवणं सोपं, माणसं एकत्र ठेवणं कठीण, हे विलासरावांना चांगलं कळलं असणार. तरीही ते शेवटपर्यंत समान पाणीवाटपाचा आग्रह धरत राहिले. २००२ मध्ये ते गेले. कल्पनाताईंनी काम पुढे चालू ठेवलं.

आता आपल्याकडे बघा. वसईच्या गावांत पूर्वी घरोघर विहिरी आणि वाडीत बावखलं होती. त्यांतला गाळ काढणं, पाणी जपणं हे लोकच बघत. मग शहर वाढलं, बावखलं बुजवली गेली, विहिरींवर टँकर लागले आणि त्याविरुद्ध हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. आज वसई-विरारच्या नळाला सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं. ते धरण मुळात डहाणू-पालघरकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी होतं आणि आमच्या शेतीचं पाणी शहराला का, हा प्रश्न ते आजही विचारतात. शहरालाही पाणी हवंच, त्यात वाद नाही. पण विलासरावांचा माणशी हिशेब इथे लावला तर आपल्या बादलीत कोणाचा वाटा आहे, हे निदान मोजावं तरी लागेल.

आपल्यापैकी काही जण उद्या पाणीपुरवठ्याच्या कामावर जातील. पाइपचा व्यास, पंपाची हॉर्सपॉवर सगळं बरोबर काढतील. त्याच कागदावर आणखी दोन ओळी वाढवायला काय हरकत आहे? पहिली, या पाण्यावर किती माणसं आहेत. दुसरी, त्यातल्या सर्वात गरीब माणसाचा वाटा किती.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)