डॉक्टर भाऊ दाजी लाड

गोव्यांतील मांद्रें गांवीं जन्मलेले रामचंद्र विठ्ठल लाड हेच डॉक्टर भाऊ दाजी. १८५१ सालीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकीं ते एक होत. गोरगरिबांस ते मोफत औषध देत आणि फावल्या वेळीं अजिंठ्याचे शिलालेख वाचीत.

मुंबईकरांस देशाची कारागिरी एके ठिकाणीं पाहतां यावी, म्हणून वस्तुसंग्रहालयासाठीं त्यांनीं खटपट केली. १८६२ सालीं पायाभरणी झाली. पण १८६५ सालीं शेअरांचा बाजार बुडाला, भाऊंचें द्रव्यही गेलें व काम रखडलें. शेवटीं १८७२ सालीं द्वार उघडलें. दोनच वर्षांनीं, १८७४ सालीं, भाऊ निवर्तले. इमारतीस नांव राणी व्हिक्टोरिया व तिच्या पतीचें होतें. भाऊंचें नांव १९७५ सालीं लाभलें.

यंदा करंजाडे येथून आम्ही भायखळ्यास जाऊन तें संग्रहालय पाहिलें. हस्तिदंती कोरीव काम व मातीच्या सुबक प्रतिमा पाहतां पाहतां भान हरपलें. बाहेर आपल्याच जिल्ह्यांतील घारापुरीचा पाषाणाचा हत्ती उभा पाहून तर आम्हांस शेजारी भेटल्याचा आनंद झाला.

विद्यार्थिमित्रहो, भाऊंस हें सुख जेमतेम दोन वर्षें लाभलें. त्यांच्यामागें तें पिढ्यान् पिढ्या लोकांस लाभत आहे. नांवाची वाट न पाहतां केलेलें काम असें टिकतें.