ज्योतिर्विद कामीय फ्लामारियाँ

हौशी आकाशनिरीक्षकांना राष्ट्रीय व्यासपीठ मिळवून देणारे कामीय फ्लामारियाँ यांचा जन्म २६ फेब्रुवारी १८४२ रोजी फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घरच्या विपन्नावस्थेमुळे त्यांना पॅरिसमध्ये कोरीवकामाची उमेदवारी करावी लागली. सोळाव्या वर्षी ते पॅरिस वेधशाळेत गणकाच्या कामावर लागले. परंतु परग्रहांवरील जीवसृष्टीविषयीचा त्यांचा ग्रंथ १८६२ मध्ये प्रसिद्ध होताच संचालक ल व्हेरिए यांनी त्यांना कामावरून दूर केले. तथापि खगोलविद्या सामान्यजनांपर्यंत नेण्याचे व्रत त्यांनी सोडले नाही. १८८० मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या लोकप्रिय खगोलग्रंथाच्या लाखावर प्रती खपल्या. एका चाहत्या वाचकाने तर जुव्हिसी येथील आपली वास्तूच त्यांना अर्पण केली; १८८३ मध्ये तेथे वेधशाळा उभी राहिली.

१८८७ मध्ये त्यांनी फ्रेंच खगोल संस्था स्थापन केली. तेथे पदवीची अट नव्हती. आकाशाची ओढ असलेल्या स्त्री-पुरुषांना, व्यावसायिक ज्योतिर्विदांबरोबरच हौशी निरीक्षकांनाही, तिचे सभासदत्व खुले होते. ३ जून १९२५ रोजी जुव्हिसी येथेच त्यांचे देहावसान झाले. वेधशाळेच्या उद्यानात त्यांची समाधी आहे. पत्नी गाब्रिएल यांच्या निधनानंतर, १९६२ मध्ये, ही वास्तू त्यांच्या इच्छेनुसार संस्थेकडे आली. एका वाचकाची देणगी अशा रीतीने समस्त आकाशप्रेमींची ठेव झाली.