कमावती पोर

आमच्या खडकवासल्याच्या बचत गटात एक बाई आहे. मीटिंगला पाच मिनिटं उशीर झाला तरी दारातूनच माफी मागते. चहा सगळ्यांना देऊन उरला तर स्वतः घेते. वडील दारू प्यायचे, म्हणून लहानपणीच शाळा सुटली आणि ती धुणीभांडी करायला लागली. आज स्वतःचं घर आहे, कमाई आहे, तरी आपण कुणाच्या तरी उपकारावर राहतोय असंच तिला वाटतं. परवा तिच्याशी बोलताना मला हंसा वाडकर आठवल्या.

हंसाबाईंचं मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, मुंबईचा. वडिलांना दारूचं व्यसन, घरात पैशांची ओढाताण. शाळा अर्धवट सुटली आणि १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून ही मुलगी पडद्यावर आली. वय अवघं तेरा. घराण्याचं नाव सिनेमात नको, म्हणून आडनावही बदललं. खेळण्याच्या वयात घराची चूल तिच्या पगारावर पेटू लागली. कमावशील तर तू आमची, हे कुणी तोंडाने म्हणावं लागत नाही. लेकरू ते बरोबर ओळखतं.

आईचा विरोध असतानाही कोवळ्या वयात त्यांनी जगन्नाथ बांदरकरांशी लग्न केलं. ते वयाने बरेच मोठे, घरी येणं-जाणं असलेले. आता आपण घर सांभाळायचं, मुलंबाळं वाढवायची, एवढंच त्यांचं स्वप्न होतं. पण लग्नानंतरही चित्रपटांचे करार होत राहिले. कमाई कुणासाठी, तेवढं बदललं!

पडद्यावर मात्र नाव गाजत होतं. पुण्याच्या ‘प्रभात’चा ‘संत सखू’ १९४१ चा. सासरचा छळ सोसणारी सखू त्यांनी साकारली. १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्यात शंभराहून जास्त आठवडे चालला. लोक डोक्यावर घेत होते, पण घरी संशय आणि भांडणं. हक्काचं माणूस शोधत त्या एकदा घर सोडून एका परिचिताबरोबर मराठवाड्यात गेल्या. तिथे आधीच्या बायका होत्या. जवळजवळ तीन वर्षं चार भिंतींआड काढली आणि शेवटी सुटकेसाठी नवऱ्यालाच कळवावं लागलं. ज्या दारूने वडिलांचं घर पोखरलं, तीच पुढे त्यांच्याही हातात आली.

सगळा दोष बालपणाचा, असं मी म्हणणार नाही. त्यांना वापरून घेणारी माणसं होतीच. पण आपली किंमत आपल्या मिळकतीएवढीच, हे ज्या मुलीच्या मनात लहानपणी बसतं, तिला मोठेपणी नाही म्हणणं जड जातं. जरा कुणी प्रेमाने बोललं की तेच घर वाटतं. मीही घरातली थोरली. भावंडांना सांभाळलं म्हणून सगळे ‘शहाणी गं’ म्हणायचे. अजूनही दुपारी पाठ टेकली तरी मला अपराध्यासारखं वाटतं. हंसाबाईंच्या मानाने हे काहीच नाही, पण दुखणं त्याच जातीचं.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतःसाठी केली. त्या बोलल्या. अरुण साधूंनी शब्दांकन केलेली त्यांची कहाणी पुण्याच्या ‘माणूस’मध्ये आली आणि १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ याच नावाने पुस्तक झालं. स्वतःच्या चुकाही त्यांनी झाकल्या नाहीत. त्या काळात एका बाईने एवढं उघड बोलणं केवढं धाडसाचं! पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीस. १९७७ साली श्याम बेनेगलांनी याच आयुष्यावरून ‘भूमिका’ काढला. त्यातली स्मिता पाटील कोण विसरेल?

बोलल्या, पण फार उशिरा. मैत्रिणींनो, म्हणूनच सांगावंसं वाटतं. कुणी जुनं दुखणं काढलं की आपण पटकन म्हणतो, जाऊ दे, झालं गेलं विसर. ते म्हणू नका. ऐकून घ्या. गरज वाटली तर समुपदेशकाकडे सोबत जा. आणि घरातली लेक न सांगता सगळं काम करत असेल, तर तिला शहाणी म्हणण्याआधी जरा खेळायला पाठवा.

पुढच्या मीटिंगला चहाचा पहिला कप आम्ही तिच्या हातात देणार आहोत. ती नको म्हणेल. आम्ही ऐकणार नाही.