सर्वांस एकच दार

व्हिन्स लोम्बार्डी यांचा जन्म १९१३ साली न्यूयॉर्क येथे एका इटालियन वंशाच्या खाटकाच्या घरी झाला. चेंडू हाती घेऊन खेळावयाच्या अमेरिकन फुटबॉलात त्यांनी फोर्डहॅम विद्यापीठात नाव मिळविले. नंतर पुष्कळ वर्षे ते शाळेत शिक्षक होते. १९५९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ग्रीन बे ह्या लहान शहराचा संघ त्यांच्या हाती आला. आदल्या वर्षी त्या संघाने बारांपैकी एकच सामना जिंकला होता. त्यानेच १९६१ ते १९६७ ह्या काळात पाच वेळा विजेतेपद मिळविले. परंतु आम्हांस त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक थोर वाटते. काळ्या खेळाडूंस जेथे मज्जाव, तेथे आपल्या संघातील कोणीही पाऊल टाकू नये, असा त्यांचा नियम होता. १९७० साली ते कर्करोगाने वारले. आपणांस आत घेतले जाते, तेव्हा बाहेर कोण राहिले, हे आपण पाहतो काय?