कर्मवीर भाऊराव पाटील आणि आमचे महाविद्यालयीन विद्यार्थी

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र सादर करीत आहोत. भाऊरावांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच, तेव्हा ही निवड कोणास नवलाची वाटणार नाही. परंतु या निवडीस एक निकडीचे कारण आहे. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतून महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींपैकी काहीजण पदवीपर्यंत न पोहोचताच मध्येच परत फिरतात, आणि ती परत का फिरली याची विचारपूस आम्ही कधी मनापासून केली नाही. ती कशी करावी, हे या चरित्रावरून शिकता येते.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते, मातोश्रींचे नाव गंगाबाई. बाल भाऊराव अंगाने दणकट व स्वभावाने बंडखोर होते. पुस्तकांत मात्र त्यांचे मन फारसे रमले नाही. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास गेले खरे, पण मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आली नाही. पुढे सहस्रावधी मुलांना शाळा-महाविद्यालयांचे दार उघडून देणारा हा पुरुष स्वतः अर्ध्या वाटेवरून परतलेला विद्यार्थी होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. नापास झालेल्या मुलाकडे तुच्छतेने पाहणे त्यांना कधी जमले नाही, याचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

कोल्हापुरात ते जैन वसतिगृहात राहत होते. छत्रपती शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली होती. त्या मालिकेत 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या उद्घाटन समारंभास तरुण भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, अशी त्यांना आज्ञा झाली. ती त्यांनी मानली नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. स्वजातीच्या वसतिगृहाने ज्यास बाहेर काढले, त्याने पुढे सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले, हा योगायोग खचित नव्हे.

त्यांचे मन किती मोठे होते, हे 1914 सालच्या प्रसंगावरून कळते. कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उपस्थित झाले, त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. वसतिगृहाच्या बाबतीत याच लठ्ठे यांच्याशी त्यांचा खटका उडाला होता. तरीसुद्धा भाऊरावांनी कारावास व छळ सोसला, पण असत्य बोलले नाहीत. उदरनिर्वाहासाठी त्यांनी साताऱ्यास शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले आणि कुणब्याच्या घरातील दैन्य व अज्ञान ही एकाच दुखण्याची दोन अंगे आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एका पंक्तीस जेवत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. मुले स्वतः स्वयंपाक करीत, सरपण आणीत, शेतात राबत. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा होई. एवढ्यानेही न भागे, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मुलांच्या अन्नासाठी दिले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली ही माउली सर्व जातींच्या मुलांची आई झाली. 1930 साली त्या निवर्तल्या. त्यांचे नाव घेतल्यावाचून हे चरित्र पुरे होऊच शकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खेड्यातील मुलगा मॅट्रिक झाला म्हणजे त्याचे कल्याण झाले, असे भाऊरावांनी मानले नाही. खरी पडझड त्यानंतर होते. घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. कोणते विषय घ्यावे, अर्ज केव्हा भरावा, एका विषयात नापास झाल्यास पुढे काय करावे, हे सांगणारे कोणी नसते. वर्गातील इंग्रजी कानावरून जाते आणि विचारण्याची लाज वाटते. सुगीच्या दिवसांत घरचा निरोप येतो, बहिणीचे लग्न निघते, सावकाराचा तगादा लागतो. मुलगा चार दिवसांसाठी म्हणून गावी जातो तो परत येत नाही. फी माफ झाली म्हणून यांपैकी एकही अडचण दूर होत नाही.

येरवडा करारानंतर, 1932 साली, भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. महाविद्यालयांत शिकणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांनी तेथे एकत्र राहावे, हा त्याचा उद्देश. पुढे जून 1947 मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि 1954 साली कराडास गाडगे महाराजांच्या नावाचे महाविद्यालय सुरू झाले. शिवाजी महाविद्यालयात कमवा व शिका ही योजना होती. विद्यार्थी शेतात व बांधकामावर श्रम करीत आणि त्या श्रमांवर आपले शिक्षण चालवीत. त्यामुळे घरी हात पसरण्याची वेळ येत नसे आणि आपण कोणाच्या दानावर शिकतो ही बोचही मनास लागत नसे. मुले एकत्र राहत असल्याने एखाद्याचे मन उडाले तर ते लपून राहत नसे. तेथून शिकून निघालेल्यांपैकी कित्येकजण संस्थेचे आजीव सेवक झाले. ज्या वाटेने आपण आलो तिचे खाचखळगे त्यांना ठाऊक होते, म्हणून नव्या मुलांस त्यांचा सल्ला पटत असे.

या पद्धतीची फळे सर्वश्रुत आहेत. वर्गाबाहेर बसणाऱ्या ज्ञानदेव घोलप यांस भाऊरावांनी कोल्हापुरास नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेविले. ते पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, संस्थेत प्राचार्य म्हणून परतले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी नावे थोडी असली, तरी खेड्यापाड्यांत निमूटपणे शिकवीत राहिलेल्या पदवीधरांची संख्या फार मोठी आहे.

आता आपल्याविषयी दोन शब्द. आपले मंडळ ज्ञातीचे आहे आणि त्याचा निधी ज्ञातिबांधवांच्या कष्टातून उभा राहिला आहे, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु भाऊरावांचे चरित्र ज्ञातीच्या स्मरणिकेत छापताना आम्हांस संकोच वाटतो, हे लपवून उपयोग नाही. ज्ञातीच्या वसतिगृहाचा नियम मोडूनच ते मोठे झाले. त्यांची तसबीर लावावी आणि दार मात्र आपल्यापुरतेच उघडे ठेवावे, हे शोभणारे नाही. म्हणून सभासद कुटुंबांपुढे आम्ही दोन सूचना ठेवीत आहोत. पहिली, शिष्यवृत्ती मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे एका पदवीधर सभासदाने पालक म्हणून उभे राहावे, महिन्यातून एकदा त्याची भेट घ्यावी आणि नापास झाल्यास त्याच आठवड्यात त्याच्या घरी जावे. दुसरी, हे पालकत्व आपल्या ज्ञातीपुरते न ठेवता शेजारच्या गरजू मुलासही द्यावे. निधीचे नियम असतील तसे असोत. सल्ला देण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

1959 साली भाऊरावांना पद्मभूषण हा बहुमान मिळाला, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांस सन्मान्य डी. लिट. ही पदवी दिली. मॅट्रिकही न झालेल्या या पुरुषाच्या नावामागे विद्यापीठाची सर्वोच्च पदवी लागली, तेव्हा त्यांच्या आयुष्याचे थोडेच दिवस उरले होते. 9 मे 1959 रोजी त्यांनी देह ठेविला. त्यांच्या पवित्र स्मृतीस आम्ही वंदन करतो, आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीबरोबरच, अडखळूनही आपल्या सोबतीने पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलामुलींची नावे छापण्याचा योग यावा, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.