कोण होते डॉ. ना. भा. खरे? नागपुरातल्या औटघटकेच्या मंत्रिमंडळाची गोष्ट

मंत्री कोण होणार, हे मुख्यमंत्री ठरवणार की पक्षश्रेष्ठी? हा वाद १९३८ मध्येच नागपुरात पेटला होता. केंद्रस्थानी होते डॉ. नारायण भास्कर खरे.

जन्म पनवेलचा, वैद्यकीय शिक्षण लाहोरला आणि दवाखाना नागपुरात. काँग्रेसमध्ये आलेले डॉ. खरे केंद्रीय विधिमंडळात पोहोचले. १९३७ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधानच म्हणत.

वर्षभरातच मराठी आणि हिंदी भाषक गटांत बिनसलं. जुलै १९३८ मध्ये डॉ. खरेंनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही मागितला. रविशंकर शुक्लांसह तीन मंत्र्यांनी नकार दिला. गव्हर्नरने तिघांना काढून डॉ. खरेंना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. वादात ब्रिटिश गव्हर्नर आल्याने श्रेष्ठी संतापले. काही दिवसांतच डॉ. खरेंना पद सोडावं लागलं आणि शुक्ल पंतप्रधान झाले.

काँग्रेसची दारं बंद झाल्यावर डॉ. खरे १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. पुढे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले आणि १९५२ मध्ये ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून आले. १९७० मध्ये त्यांचं निधन झालं. मंत्र्यांची यादी घेऊन दिल्ली गाठण्याची पद्धत मात्र आजही सुरू आहे.